विंडोज बदलताना जुन्या मराठी फाइल्स कशा वाचवायच्या?

विंडोज 10चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. नावनोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने सुरक्षा अपडेटची मुदत आणखी वर्षभर वाढवली. पण विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. बरेच जुने कॉम्प्युटर या अटीत बसत नाहीत, म्हणून नवं मशीन घेणं किंवा आहे त्यावर वेगळं विंडोज टाकणं सुरू आहे.

बार्शी-सोलापूर रस्त्यावरच्या वैरागसारख्या बाजारपेठेच्या गावात एखाद्या डीटीपीच्या दुकानातला कॉम्प्युटर बदलतो, तेव्हा त्यात लग्नपत्रिकांसोबत पतसंस्थेचे अहवाल, शाळेच्या स्मरणिका, कुणाच्या घराण्याची वंशावळ असं बरंच काही असतं. अशा वेळी फाइल्स पेनड्राइव्हवर घेतल्या की काम झालं असं वाटतं. नव्या मशीनवर त्या उघडतातही, फक्त मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अगम्य घोळ दिसतो.

मजकूर गेला का?

नाही. फाइल बहुतेक वेळा शाबूत असते, फॉन्ट नसतो.

युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा व्यवस्थांवर चालायचं. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द कॉम्प्युटरच्या लेखी ई-जे-के-बी-एच ही पाच इंग्रजी अक्षरं असतो. तो फॉन्ट मशीनवर आहे तोवर ‘मराठी’ दिसतं, नसला की ती पाच अक्षरं उघडी पडतात. जुन्या फाइलमधला मजकूर व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की कचरा दिसतो, त्याचं कारणही हेच. युनिकोडमध्ये मात्र ‘म’चा क्रमांक सगळीकडे एकच असतो, मग फॉन्ट कुठलाही असो.

म्हणून जुनं मशीन चालू असतानाच फॉन्टच्या फाइल्स वेगळ्या कॉपी करून ठेवायला हव्यात. त्या सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमध्ये, ‘फॉन्ट्स’ या नावाखाली असतात. काही जुन्या मराठी सॉफ्टवेअरना डोंगलही लागतो. तो मशीनच्या मागे लावलेला राहतो आणि मशीनबरोबर भंगारात जातो.

युनिकोड मंगल फॉन्टमधल्या फाइल्सची अडचण वेगळी आणि सौम्य आहे. विंडोज 10 आणि 11मध्ये मंगल प्रत्येक मशीनवर आधीपासून असतोच असं नाही, त्याच्या जागी निर्मला यूआय वापरला जातो. मजकूर नीट वाचता येतो, पण ओळी सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तीन पानांवर जातो. सेटिंग्जमधल्या ऐच्छिक सुविधांमधून देवनागरीचे पूरक फॉन्ट मोफत घेता येतात, त्यात मंगल असतो.

दोन प्रती का लागतात?

एक प्रत जशीच्या तशी दिसण्यासाठी, दुसरी पुन्हा वापरण्यासाठी. जुन्या मशीनवरच पीडीएफ केली आणि त्यात फॉन्ट अंतर्भूत केला, तर पान कुठेही तसंच दिसतं. पण जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता येत नाही, कॉपीही नीट होत नाही. त्यासाठी मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. हे काम एका क्लिकचं आहे असं सांगितलं जातं, ते अर्धसत्य आहे. रफार जागा बदलतो, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ तुटतो आणि मजकुरात मधे इंग्रजी नावं असतील तर त्यांचंही मराठी होऊन बसतं. मूळ पानाशी ताडून वाचल्याशिवाय ती प्रत विश्वासाची नाही. आधार क्रमांक किंवा खात्यांचे तपशील असलेली फाइल ऑनलाइन कन्व्हर्टरवर न टाकलेलीच बरी.

कोरलड्रॉमधली पत्रिका ‘कर्व्ह’मध्ये बदलली की फॉन्टची गरज संपते, पण नंतर त्यातलं नाव दुरुस्त करता येत नाही. म्हणून कर्व्ह केलेली आणि न केलेली अशा दोन्ही फाइल्स ठेवाव्यात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती 7 होती. तिच्या फाइल्स इनडिझाइन सीएस6 उघडतं, त्यानंतरच्या आवृत्त्या उघडत नाहीत. असा साठा असेल तर पीडीएफचं काम आधी उरकावं.

प्रश्नचिन्हं दिसली तर?

हे खरं नुकसान. जुन्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर ‘एएनएसआय’ पर्यायात सेव्ह झाला, तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह बसतं आणि फाइल बंद केल्यावर मूळ अक्षर परत मिळत नाही. सेव्ह करताना इशारा येतो, पण तो इंग्रजीत असतो आणि सवयीने ‘ओके’ दाबलं जातं. 2019मध्ये आलेल्या विंडोज 10च्या 1903 आवृत्तीपासून नोटपॅड आपोआप यूटीएफ-8 वापरतं. त्याआधीच्या विंडोजवर सेव्ह करताना ते हाताने निवडावं लागतं. एक्सेलमधली सभासदांची यादी सीएसव्ही करतानाही हाच धोका असतो, तिथे ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ हा पर्याय निवडायचा.

‘फॉरमॅट मारून देतो’ म्हटल्यावर

डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही दोन्ही फोल्डर सहसा सी ड्राइव्हवर असतात आणि फॉरमॅट होतो तो सी ड्राइव्हच. एक्सपीमध्ये ही फोल्डर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये असायची, व्हिस्टापासून ‘यूजर्स’मध्ये आली. त्यामुळे जुनी डिस्क नव्या मशीनला जोडून शोधणाऱ्याला ती पटकन सापडत नाहीत. टॅलीचा डेटा तर बहुधा डॉक्युमेंट्समध्ये नसतोच. तो कुठे आहे, हे टॅली उघडून बघूनच लिहून घ्यावं. फॉरमॅट न करता विंडोज अपग्रेड केलं तर जुनं विंडोज ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये राहतं, पण साधारण 10 दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं.

पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीचा असेल तर 4 जीबी किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर जात नाही. लग्नाचा व्हिडिओ अडकतो तो इथेच. एक्सफॅटमध्ये ही मर्यादा नाही आणि विंडोज 7पासून पुढे ते सहज चालतं. वनड्राइव्हची मोफत जागा 5 जीबी आहे. दुकानाच्या साठ्याला ती पुरत नाही, पण दाखले आणि वंशावळ त्यात मावतात.

विंडोज 11 असलेल्या नव्या मशीनवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असू शकते. मग ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी 48 अंकी रिकव्हरी की शिवाय उघडत नाही. ही की मशीन सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. खातं दुकानदाराने किंवा मेकॅनिकने स्वतःच्या ईमेलवरून उघडलं असेल, तर कीसुद्धा त्याच्याकडेच जाते. मशीन घरी आणल्यावर खातं कुणाच्या नावावर आहे ते त्याच दिवशी तपासावं आणि की कागदावर उतरवून ठेवावी.