शांत स्वभावाचे, लहान कुटुंबाचे

दिवाणखान्यात माशांची पेटी ठेवणाऱ्या माणसाची मूळ इच्छा एवढीच असते, की घरात निदान चारपाच जीव तरी उलटून न बोलणारे असावेत. दुकानदार हे ओळखून असतो. 'साहेब, एकदम शांत जात आहे,' असं म्हणून तो जे आपल्या गळ्यात मारतो, त्यात सिक्लिड कुळातली मंडळीही असतात. आता हे कूळ म्हणजे मूळचं भांडकुदळ. आफ्रिकेतल्या सरोवरांतले यांचे काही भाऊबंद एका पेटीत ठेवणं म्हणजे सामायिक विहिरीवर चार चुलतभाऊ उभे करणं. पण या घराण्यात बोटभर लांबीची, जरा सोशिक अशी धाकटी पातीही आहे, आणि तिचा इतिहास मोठा गमतीचा आहे.

पेटीचा इतिहास तसा अलीकडचा. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनतज्ज्ञाने गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि गोगलगाई एकत्र ठेवून सिद्ध केलं, की पाणी न बदलताही यांचा संसार चालतो. झाडाने प्राणवायू द्यायचा, माशाने तो वापरायचा, सडकी पानं गोगलगाईंनी उरकायची. थोडक्यात, जमाखर्चाचा मेळ! १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडलं, १८५४ मध्ये फिलिप गॉस यांचं पुस्तक आलं, आणि विलायती दिवाणखान्यांतून पेट्याच पेट्या झाल्या.

एंजल मासा आपण सगळे ओळखतो. तोही सिक्लिडच. नावाने देवदूत, पण शेजारचा निऑन टेट्रा तोंडात मावतोय असं दिसलं, की देवपण विसरतो. त्याचं सोडा. खरा सज्जन म्हणजे रामिरेझी, व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोकोच्या गवताळ मैदानांतला. १९४८ साली मायर्स आणि हॅरी यांनी त्याचं वर्णन केलं आणि मान्युएल रामिरेझ या व्हेनेझुएलातल्या गृहस्थांचं नाव त्याला दिलं. दुकानात त्याचा झाला 'राम'. आपल्याला ऐकायलाही बरं. पण आडनावाचे हाल बघा. आधी आपिस्टोग्रामा, पुढे मिक्रोजिओफागस, १९७७ साली पॅपिलिओक्रोमिस, आणि मग पुन्हा मिक्रोजिओफागस. आमच्या बँकेत बदलीचा हुकूम आला, की माणूस निदान वळकटी तरी बांधतो. हा बिचारा जागचा हललासुद्धा नाही, आणि प्रवासभत्त्याचं तर नावच नको.

आता खरी गोष्ट. ही सगळी परदेशी पाहुणेमंडळी आपण कौतुकाने पोसतो, पण सिक्लिड आपल्याकडेही आहेत, हे कितीजणांना ठाऊक असतं? चांगले तीन प्रकार आहेत. यांचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्करमध्ये. ती जमीन नि आपली जमीन कोट्यवधी वर्षांपूर्वी एकत्र होती, त्या काळातलं हे नातं असावं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. यांतल्या दोघांना शास्त्रीय नाव दिलं बर्लिनच्या ब्लॉख नावाच्या डॉक्टरने. १७९० साली थोरल्याला त्याने चक्क सुरतेचं नाव चिकटवलं : सुराटेन्सिस. हाच गोव्याचा कालुंदर, आणि केरळातला करिमीन. केरळ सरकारने तर २०१० साली त्याला राज्यमासाच करून टाकलं. १७९५ साली धाकट्याची पाळी आली. तो मॅक्युलाटस, म्हणजे ठिपकेवाला. शौकिनांचा ऑरेंज क्रोमाइड. पिवळा-नारिंगी रंग, कुशीवर काळसर ठिपके, लांबी फार तर तीन इंच. खाडीच्या मचूळ पाण्यात खूश, पेटीतही खूश. डॉक्टरसाहेबांनी दोघांची नोंद समुद्रातल्या फुलपाखरू-माशांच्या खात्यात केली होती. ती खतावणी पुढच्यांनी दुरुस्त केली.

या थोरल्या-धाकट्याचे संबंध मात्र अगदी चाळीतले. वॉर्ड आणि वायमन या दोघा संशोधकांनी १९७० नंतरच्या वर्षांत ते तपासले. धाकट्याची पोरं थोरल्याच्या अंगावरची बांडगुळं टिपून त्याची सफाई करतात. थोरला आंघोळ घालून घेतल्यासारखा निमूट उभा राहतो. आणि त्याच धाकट्याची वडीलमाणसं थोरल्याच्या घरट्यातली अंडी-पिलं पळवून खातात! 'शांत जात' हा दाखला दुकानदार कुठल्या कचेरीतून आणतो कोण जाणे.

स्वतःच्या संसारात मात्र ऑरेंज क्रोमाइडला तोड नाही. जोडी जमली, की सपाट दगड घासूनपुसून साफ करतात, त्यावर अंडी चिकटवतात, आणि नवराबायको दोघंही पहारा देतात. पिलं मोठी होताना आईबापांच्या अंगावरचा बुळबुळीत थर कुरतडून खातात. आईबाप ते चालवून घेतात. माझ्या पेटीपुढे हा सोहळा बघत गोव्याकडचे एक स्नेही चांगली दहा मिनिटं तल्लीन होऊन उभे होते. मला वाटलं, गहिवरले. शेवटी म्हणाले, "याचा तो थोरला भाऊ असतो ना, रव्यात घोळवून तळला, की काय लागतो म्हणून सांगू!"