भाकरी, दुष्काळ आणि तेलगावचा परिसर

अन्न केवळ रुचीने ठरत नाही. जमीन, पाऊस, रीत आणि राज्यव्यवहार यांचाही त्यात वाटा असतो. बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यातल्या तेलगावचा परिसर याची साक्ष देतो. रब्बी ज्वारी हे येथील पूर्वापार मुख्य धान्य. भाकरी माणसाला, कडबा जनावराला आणि कोवळ्या कणसांचा हुरडा पाहुण्याला, अशी तिची तिहेरी योजना होती.

१९७२ च्या दुष्काळाने ही घडी विस्कटली. दुष्काळी कामांवर सुकडी आली, रेशनवर अमेरिकेतील तांबडी मिलो. मिलो ही ज्वारीचीच जात. तरी मराठवाड्यात तिची आठवण नावडीनेच निघते. पोट भरणे आणि तृप्त होणे भिन्न आहे, ते यावरून उमगते.

पुढे सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले, तेलगावी साखर कारखाना उभा राहिला, आणि पाणी उसाकडे वळले. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष पाळले. एके काळी गरिबीची खूण ठरलेली भाकरी आज पथ्य म्हणून सांगितली जाते. हा उपदेश करण्यापूर्वी ती कोणत्या निर्णयांनी ताटातून उणावली, हे इतिहासाने नोंदविणे अगत्याचे होय.