मेंढ्यांचा हिशेब

स्टेशन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हमाल, चहावाला आणि उशिरा येणारी पॅसेंजर उभी राहते. ऑस्ट्रेलियात मात्र काही स्टेशनांवर गाडी येतच नाही, फक्त मेंढ्या येतात. हजारो मेंढ्या पोसणाऱ्या अवाढव्य जमीनजुमल्याला तिथे स्टेशन म्हणतात. न्यू साऊथ वेल्सच्या पश्चिम भागात, मेनिंडी गावाजवळ, डार्लिंग नदीकाठचं किंचेगा हे त्यातलंच एक. १९६७ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. लोकर कातरणाऱ्यांची जुनी चाळ डागडुजी करून आता पाहुण्यांना भाड्याने देतात.

माझा मेव्हणा ॲडलेडला असतो. "भावोजी, एक रात्र इतिहासात काढू," म्हणाला आणि खोली ठरवून मोकळा झाला.

खोलीत एकावर एक खाटा. असल्या बिऱ्हाडांबद्दल कातरणाऱ्यांची एवढी ओरड होती, की १९०१ साली सरकारला त्यांच्या राहण्याच्या सोयीसाठी खास कायदा करावा लागला. आम्ही मात्र पदरचे पैसे मोजून तिथे हौसेने झोपलो. मजूर कुरकुरला की ती गैरसोय, पर्यटक राहिला की तो वारसा!

जवळच लोकर कातरायची प्रचंड शेड आहे. १८७५ सालची, रेड गम लाकडाची आणि पन्हळी पत्र्याची. १९६७ पर्यंत इथे साठ लाख मेंढ्या भादरल्या गेल्या. लोकरीचे गठ्ठे आगबोटींतून नदीने रवाना होत.

साठ लाख म्हटल्यावर माझ्यातला कारकून जागा झाला. मोजदाद तर हवीच, कारण मजुरी शेकड्यावर मिळे. १८९२ साली क्वीन्सलँडमध्ये जॅकी हाऊ नावाच्या पठ्ठ्याने हातकात्रीने ७ तास ४० मिनिटांत ३२१ मेंढ्या कातरल्या. म्हणजे मेंढीमागे दीड मिनिटसुद्धा नाही. तेवढ्या वेळात आमच्याकडचं पासबुक छापायचं यंत्र नुसतं घसा खाकरतं.

पण खरी गोम पुढेच आहे. मालकाला कातरणी पसंत पडली नाही, तर मेंढीवर रंगाची खूण व्हायची आणि तिची मजुरी बुडायची. लोकर मात्र मालकाच्याच गठ्ठ्यात! असल्या हिशेबाला वैतागून १८८६ साली कातरणाऱ्यांनी युनियन काढली. १८९१ साली क्वीन्सलँडमध्ये मोठा संप झाला. सरकारने सैनिक धाडले, पुढारी तुरुंगात गेले, संप फसला. पण तिथल्या मजूर पक्षाच्या उभारणीला त्याच संपाने बळ दिलं.

या वहीत आणखी एक खातं आहे. मेंढ्या येण्याआधी हजारो वर्षं हा नदीकाठ बार्किंजी लोकांचा होता. डार्लिंगला ते 'बार्का' म्हणतात. बार्किंजी म्हणजेच नदीची माणसं. जमिनीवरचा त्यांचा हक्क कोर्टाने मान्य केला २०१५ साली, अठरा वर्षं दावा चालल्यावर. मेंढी कातरली की तिची नोंद त्याच दिवशी. जमिनीच्या मूळ धन्याची नोंद व्हायला मात्र दीडशेहून अधिक वर्षं!

साहेबाला झोप येईना की तो म्हणे मेंढ्या मोजतो. जमेला साठ लाख मेंढ्या असल्यावर इथल्या मालकांना गाढ झोप लागत असणार. पण नावेची बाजू कोरी ठेवून ताळेबंद जुळत नाही. आणि तो जुळल्याशिवाय कारकुनाचा डोळा लागत नाही.