आडजागेचा नट आणि एक्स्टेन्शनचा दांडा

गोटी पान्याच्या संचातला सर्वांत साधा दिसणारा भाग एक्स्टेन्शनचा. एक पोलादी दांडा, त्याच्या एका टोकाला चौकोनी खाच आणि दुसऱ्या टोकाला चौकोनी खुंटी. त्याला दाते नाहीत, खटका नाही, नट धरायची सोय नाही. तरीही इंजिनाच्या ज्या कोपऱ्यात हात शिरत नाही, तिथला नट सोडवायची वेळ आली की भिस्त याच दांड्यावर असते, आणि त्याची निवड चुकली तर नटाचे कोपरे झिजतात किंवा बोल्ट तुटून आत राहतो. यंत्रांमधली मोकळी जागा जसजशी आटत गेली, तसतसा हा दांडा आणि त्याची भावंडे संचात वाढत गेली.

खुंटीला चहूबाजूंनी वेढून फिरवणारी किल्ली तशी जुनी. युरोपात मध्ययुगापासून घड्याळाला चावी देताना चौकोनी पोकळीची किल्लीच वापरत. पण वेगवेगळ्या मापांच्या गोट्या आणि त्यांना मिळून एकच मूठ, ही कल्पना रुजायला आधी नटच एकसारखे व्हावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत बहुतेक कारखाने आटे आपापल्या मापाने पाडत, त्यामुळे एका यंत्राचा पाना दुसऱ्याला लागेलच असे नव्हते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये इंग्लंडात ५५ अंशांच्या आट्याची एकच पद्धत मांडली. विल्यम सेलर्स यांनी १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटपुढे ६० अंशांची अमेरिकी पद्धत ठेवली, आणि तिच्यात नटाच्या मापाचाही नियम घातला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८६३ मध्ये, व्हर्मोंट राज्यातल्या वुडस्टॉकच्या जे. जे. रिचर्डसन यांना बदलत्या गोट्यांच्या रॅचेट पान्याचे पेटंट मिळाले होते. कल्पना चांगली होती, पण तिला गिऱ्हाईक मिळायला मोटारगाडी यावी लागली. वाफेच्या इंजिनाभोवती माणूस उभा राहून लांब मुठीचा साधा पाना फिरवू शके. बॉनेटखाली ती चैन उरली नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत मोटारमालकांसाठी लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीतले गोटी संच विकले जाऊ लागले. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲटलबरोची फ्रँक मॉसबर्ग कंपनी त्यांतली एक ठळक. त्या काळच्या गोट्या पोलादी पत्रा दाबून केलेल्या असत, म्हणून स्वस्त आणि हलक्या, पण घट्ट बसलेल्या नटापुढे कच्च्या. पुष्कळशा रॅचेटच्या तोंडात खुंटीऐवजी आरपार चौकोनी भोक असे, आणि गोटी जोडायला दोन्हीकडे खुंटी असलेला एक तुकडा त्यात खुपसावा लागे. हा तुकडा लांब केला की झाले एक्स्टेन्शन. म्हणजे सुरुवातीला दांडा ही वरची जोड नव्हती, जोडणीचाच भाग होता.

मिलवॉकीत जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सीडमन यांनी १९२० मध्ये स्नॅप-ऑन कंपनी काढली ती याच मुद्द्यावर. पाच मुठी आणि दहा गोट्या घेतल्या की पन्नास पान्यांचे काम होते, असा त्यांचा हिशेब होता. त्याआधी चांगला गोटी पाना बहुधा अखंड असे, मूठ आणि गोटी एकाच तुकड्यात, त्यामुळे जितकी मापे आणि जितके आकार तितके पाने बाळगावे लागत. गोटी मुठीपासून सुटी झाली आणि खुंटीवर खटकन बसू लागली, तेव्हा मधे हवा तो दांडा घालायची मुभा मिळाली. मात्र हे साधायला खुंटीचे माप सर्वत्र एक असणे भाग होते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ९/३२, ७/१६ आणि ५/८ इंच अशा आडमापांच्या खुंट्याही बाजारात होत्या. पुढे पाव, पाऊण, अर्धा, एक आणि ३/८ इंच एवढीच मापे टिकली. मेट्रिक देशांनी ती ६.३, १०, १२.५, २० आणि २५ मिलिमीटर म्हणून आपल्या मानकांत घेतली. म्हणूनच आजही १३ मिलिमीटरची गोटी अर्धा इंची खुंटीवर बसते, आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही.

दांडा निवडताना पहिला प्रश्न लांबीचा. सरळ रेषेत असलेला दांडा टॉर्क खात नाही. मुठीवर जितका टॉर्क लावला, तितकाच नटापर्यंत पोचतो. पण तो पिळतो. १२ मिलिमीटर जाडीचा आणि २५० मिलिमीटर लांबीचा पोलादी दांडा १०० न्यूटन-मीटर टॉर्कला सुमारे ९ अंश पिळतो. लांबी दुप्पट केली तर पीळ दुप्पट होतो. जाडीचा परिणाम मात्र चौथ्या घाताने चालतो, म्हणजे दांडा निम्म्या जाडीचा केला तर पीळ हिशेबाने सोळापट. हे आकडे कागदी वाटतात, पण अडचणीच्या जागी लगेच नडतात. ७२ दात्यांचे रॅचेट ५ अंशांवर खटका घेते, २४ दात्यांचे १५ अंशांवर. मूठ हलवायला जेमतेम १५ अंशांची जागा असेल आणि त्यातले ९ अंश दांड्याच्या पिळातच जात असतील, तर बारीक दात्यांचे महागडे रॅचेट घेऊनही नट फारसा हलत नाही. अशा ठिकाणी जाड दांडा जास्त उपयोगी पडतो.

लांबीचा दुसरा तोटा कलंडण्याचा. २५० मिलिमीटरच्या दांड्यावर मुठीला २०० न्यूटन, म्हणजे साधारण २० किलो वजनाएवढा जोर दिला, की नट फिरवण्याबरोबरच दांडा आडवा पाडू पाहणारा ५० न्यूटन-मीटरचा जोरही तयार होतो. गोटी तिरकी होऊन कोपरे झिजतात ते यामुळे. मुरलेला फिटर दुसऱ्या हाताचा तळवा रॅचेटच्या डोक्यावर दाबून धरतो तो हा जोर पेलण्यासाठीच. तेव्हा मूठ आजूबाजूच्या नळ्यांवरून मोकळी फिरेल एवढाच लांब दांडा घ्यावा. दोन आखूड दांडे एकमेकांना जोडण्यापेक्षा एक पुऱ्या लांबीचा बरा, कारण दर जोडावर थोडी ढिलाई वाढते.

नट सरळ रेषेत नसेल तर युनिव्हर्सल जॉइंट. हा जोड मोटारीपेक्षा दोनशे वर्षांहून जुना आहे. रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये सूर्याच्या वेधाच्या उपकरणांवर लिहिलेल्या पुस्तिकेत त्याचे वर्णन केले. जोड वाकवून फिरवला तर पलीकडचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत नाही, हे हूक यांच्या लक्षात आले होते, आणि त्यांना ते उपयोगाचेही वाटले, कारण सूर्यघड्याळाच्या तबकडीवरची सावलीही तशीच कमीजास्त वेगाने सरकते. फिटरला मात्र हा गुण नको असतो. जोड ३० अंशांत वाकवला तर नटावरचा टॉर्क फिरण्याच्या ओघात मुठीवरच्या टॉर्कच्या सुमारे ०.८७ पट ते १.१५ पट असा बदलत राहतो. ४५ अंशांत हा पल्ला ०.७१ ते १.४१ पटींचा होतो, म्हणजे एकाच फेऱ्यात दुपटीचा फरक. गाडीच्या प्रोपेलर शाफ्टवर दोन जोड समान कोनांत बसवून हा दोष मारता येतो. पान्याला तेवढी जागा बहुधा मिळत नाही.

म्हणून कोन थोडाच असेल तर वॉबल एक्स्टेन्शन सरस. त्याच्या खुंटीच्या बाजू मागे निमुळत्या केलेल्या असतात, त्यामुळे गोटी सुमारे १५ अंश कलते. यात वेगळा सांधा, पिना वा स्प्रिंग नसते, आणि जास्तीची लांबीही लागत नाही. युनिव्हर्सल जॉइंट ढिला असल्याने नटावर पोचण्याआधीच लोंबतो. वॉबलची गोटी तितकी मान टाकत नाही. घट्ट नटाचा पहिला झटका शक्यतो सरळ दांड्याने द्यावा, नट ढिला झाला की पुढचे काम वॉबलवर सोपवावे, आणि युनिव्हर्सल जॉइंट दुसरा मार्गच नसेल तेव्हा काढावा. कॅटलॉगांत तिन्ही शेजारीशेजारी छापलेले असल्याने ते एकाच योग्यतेचे वाटतात. तसे ते नाहीत.

ही सगळी उठाठेव दर गॅरेजच्या वाट्याला आली ती आडव्या इंजिनामुळे. ॲलेक इसिगोनिस यांच्या १९५९ च्या मिनीत इंजिन आडवे बसवून गिअरबॉक्स त्याच्या खाली घातला होता, आणि पुढची चाकेच गाडी ओढत. प्रवाशांना जागा मिळाली, ती मेकॅनिकच्या हाताची गेली. भारतात हा बदल उशिरा आला. उत्तरपाड्याची अँबॅसॅडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातली फियाट, दोन्हींची इंजिने उभी आणि बॉनेट ऐसपैस. फिक्स पाना, रिंग पाना आणि टी पाना यांवर बरीच कामे उरकत. अँबॅसॅडरला इंची पाने लागत आणि फियाटला मेट्रिक, हीच तेव्हाची मोठी कटकट. डिसेंबर १९८३ मध्ये ७९६ सीसीच्या आडव्या इंजिनाची मारुती ८०० रस्त्यावर आली आणि गोटी सेट, लांब एक्स्टेन्शन यांची गरज छोट्या गॅरेजांनाही भासू लागली. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर अवजारांची बाजारपेठ आधीपासून होतीच. १९६९ पासून स्वीडिश कंपनीच्या सहकार्याने हातअवजारे बनवणाऱ्या टपारिया टूल्सचा कारखानाही नाशिकच्या सातपूरमध्ये आहे.

खोल जागी आणखी एक फजिती होते: दांडा वर येतो, गोटी नटावरच अडकून राहते. खुंटीवरची स्प्रिंगची गोळी सैल असेल तर हे हमखास, आणि घट्ट असेल तर तेलकट हाताने गोटी निघत नाही. अमेरिकेत सिअर्सच्या दुकानात काम करणाऱ्या पीटर रॉबर्ट्स या तरुणाने रॅचेटच्या डोक्यावरच्या बटणाने गोटी सोडायची युक्ती काढली आणि १९६५ मध्ये तिचे पेटंट मिळवले. सिअर्सने ती कमाल १०,००० डॉलरच्या बोलीवर घेतली. त्यावरून चाललेला खटला १९८९ मध्ये तडजोडीने मिटला. कुलूपबंद होणारे एक्स्टेन्शन, ज्यात कडे मागे ओढल्याशिवाय गोटी सुटत नाही, हे याच अडचणीवरचे दुसरे उत्तर.

टॉर्क रेंच आणि हवेवर चालणारी इम्पॅक्ट गन गॅरेजात आल्यावर दांड्याचा हिशेब पुन्हा बदलला. टॉर्क रेंचबरोबर सरळ दांडा चालतो, आकडा बदलावा लागत नाही; युनिव्हर्सल जॉइंट लावला की आकड्यावर विसंबता येत नाही. गनच्या ठोक्यांपुढे मात्र सरळ दांडाही टॉर्क खातो, कारण प्रत्येक ठोका क्षणभराचा असतो आणि दांडा पिळून त्यातला काही भाग परतवतो. चकचकीत क्रोम मुलाम्याचे कडक दांडे या माऱ्यात तडकण्याची भीती असते, म्हणून गनसाठी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे काळे, जाड दांडे वेगळे करतात. टायरच्या दुकानांत दांड्याच्या याच पिळाचा उपयोग करून घेतला गेला. टॉर्क स्टिक नावाचे दांडे मुद्दाम ठरावीक जाडीचे घडवतात. ठरलेल्या टॉर्कपर्यंत ते नट आवळतात आणि त्यापुढे गनचे ठोके आपल्या पिळातच जिरवतात. प्रत्येक जाडीला वेगळा रंग दिलेला असतो, म्हणजे गाडीनुसार दांडा उचलता येतो. शेवटचा आवळा मात्र हातातल्या टॉर्क रेंचनेच तपासायचा असतो.