साबणाच्या पाण्यांतील हरवलेला सोडियम



मीठ पाण्यांत विरघळलें म्हणजे त्याचे धन व ऋण आयन सुटे होतात, हें मीं शाळेंत कित्येक वर्षें शिकविलें. साबण हेंहि एक लवणच; पण त्याचें वर्तन चमत्कारिक होतें. दाट द्रावणाचा बाष्पदाब पाहावा, तर त्यांत कण फार थोडे आहेत असें दिसे. आणि वीज मात्र तें उत्तम रीतीनें वाहून नेई. कण थोडे आणि वीज पुष्कळ, हा मेळ बसावा कसा?

इंग्लंडांत ब्रिस्टल येथें जेम्स विल्यम मॅकबेन या मूळच्या कॅनेडियन शास्त्रज्ञानें हा प्रश्न हातीं घेतला. चेल्टनहॅमच्या मुलींच्या विद्यालयांत अध्यापन करणाऱ्या मिलिसेंट टेलर या आरंभींच्या त्याच्या सहकारिणी होत्या. १९१३ सालीं मॅकबेननें आपली उपपत्ति मांडली : साबणाचे स्निग्धाम्ली आयन सुटे न राहतां एकत्र येऊन मोठा विद्युद्भारित पुंजका बनवितात. यासच मिसेल म्हणतात.

यावर एक शंका उभी होती. साबणाचें पाण्यानें विघटन होऊन दाहक सोडा सुटत असेल, आणि वीज तोच नेत असेल! १९१४ सालीं मॅकबेन व मार्टिन यांनीं हायड्रोजनच्या विद्युदग्रानें द्रावणाचा अल्कधर्म मोजला. तो अगदींच अल्प निघाला, आणि शंकेचा पाया ढांसळला.

आतां खरा प्रश्न राहिला. मिसेल ऋणभारित, तो धनभारित सोडियम आपल्याकडे ओढणारच. मग सुटा सोडियम उरतो किती? विद्युद्वाहकता सर्व आयनांची बेरीज सांगते, एकट्याची नाहीं. केवळ सोडियमलाच ओळखणारा साक्षीदार हवा होता. नर्न्स्टच्या १८८९ च्या नियमानें एकभारी आयनांची संहति दसपट बदलली, कीं २५ अंश सेल्सियसला विद्युदग्राचा विभव सुमारें ५९ मिलिव्होल्टांनीं बदलतो. पण शुद्ध सोडियम पाण्यांत घालण्याची सोय नाहीं. तो पाण्याशीं भडकून उठतो. म्हणून तो पाऱ्यांत विरघळवून त्याचाच विद्युदग्र केला. सॅल्मन यांनीं १९२० सालीं साबणाच्या द्रावणांतील सोडियम व पोटॅशियम आयन असे प्रत्यक्ष मोजले. दाट द्रावणांत घातलेल्या सोडियमचा मोठा भाग सुटा सांपडेना! त्याच वर्षीं मेरी लैंग व मॅकबेन यांनीं दाखविलें, कीं तेंच द्रावण पातळ असो वा थिजून जेली होवो, सुटा सोडियम तितकाच राहतो.

पुढें १९३६ सालीं हार्टलेनें मिसेलचें वाटोळें रूप वर्णिलें : शेपट्या आंत, भारित डोकीं बाहेर, आणि सभोंवार प्रति-आयन. खळ्यांत मेढीभोंवतीं फिरणारे बैल जसे बांधलेलेहि असतात आणि फिरतेहि, तशीच कांहींशी या आयनांची स्थिति असते. सोडियम डोडेसिल सल्फेटच्या मिसेलमध्यें सुमारें ६० रेणु असतात, व त्यांचा अर्ध्याहून बराच अधिक सोडियम असा बांधलेला असतो. अशा मोजणीसाठीं पुढें सोडियम ओळखणाऱ्या कांचेचे विद्युदग्रहि वापरांत आले.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचें उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजीं झालें. तिचे पहिले संचालक हेच मॅकबेन! त्या वास्तूवरून मी अनेकदां गेलों. मुलांना साबणाचा धडा शिकवितांना मात्र हें नांव एकदांहि सांगितलें नाहीं, कारण मलाच तें ठाऊक नव्हतें. ती उणीव आज आपणांपुढें थोडी भरून काढीत आहें.