पंधरा सेकंदांत एक वाक्य

कासारवाडीहून दापोडीकडे निघाले की जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत सीएमईची भिंत सुरू होते आणि संपता संपत नाही. लष्करी अभियांत्रिकीची ही शाळा १९४३ साली रूरकीला सुरू झाली, पुढे इथे आली. त्याच वर्षी लष्कराने देहरादूनला दुसराही एक प्रयोग मांडला. अधिकारी व्हायला आलेल्या तरुणाचे लिखाण वाचून त्याचा स्वभाव जोखायचा! आज सीएमईत शिकणारे बहुतेक तरुण अधिकारी याच चाळणीतून आलेले असतात.

त्याआधी ब्रिटिश फौजेत घराणे, शाळा आणि बोलण्याची ढब पाहून अधिकारी ठरत. दुसऱ्या महायुद्धात ही मिरासदारी परवडेना, म्हणून १९४२ मध्ये निवड मंडळांवर मनोविकारतज्ज्ञ बसले. जर्मन सैन्याने हे आधीच केले होते. हत्यारेही उसनीच. शब्द पाहून मनात काय येते ते टिपण्याचा खेळ फ्रान्सिस गाल्टनने १८७९ च्या सुमारास स्वतःवरच करून पाहिला. मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगने तो रुग्णांपर्यंत नेला. चित्रावरून गोष्ट रचण्याची चाचणी हार्वर्डच्या मॉर्गन आणि मरे यांची, १९३५ ची.

आजच्या सेवा निवड मंडळात, म्हणजे एसएसबीत, साठ शब्द एकामागून एक येतात, प्रत्येकाला पंधरा सेकंद. चित्रांवरून बारा गोष्टी लिहायच्या, एकेकीला चार मिनिटे. शेवटचे चित्र कोरेच असते. शिवाय अर्ध्या तासात साठ प्रसंग, प्रत्येकात आपण काय करू ते लिहायचे. हे सगळे तपासणारा मानसशास्त्रज्ञ उमेदवाराची मुलाखत घेत नाही, त्याच्यापुढे असतात फक्त कागद. मुलाखत दुसरा घेतो, मैदानावर तिसरा पाहतो. मनसा, वाचा, कर्मणा अशी ही वाटणी. तिघांचे मत जुळते का, ते शेवटच्या दिवशी कळते.

यावर क्लासवाल्यांचा तोडगा म्हणजे घोटलेली वाक्ये. ‘पराभव’ म्हटले की ‘पराभव ही यशाची पायरी’ तयार! पण पाहणारा एका वाक्यावर थांबत नाही, साठांतला सूर शोधतो. प्रत्येक गोष्टीतला नायक जिंकतच असेल तर पाहणाऱ्याला शंका येणारच.

खरी अडचण वेगळी. मराठी माध्यमातली मुलेही तिथे बहुधा इंग्रजीत लिहितात. पंधरांपैकी निम्मे सेकंद शब्द शोधण्यात गेले, तर मोजला गेला तो स्वभाव की भाषेचा सराव? या पद्धतीचा हा उणेपणा मानायलाच हवा.

महाराष्ट्र सरकारने १९७७ मध्ये औरंगाबादला सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. दहावीनंतर दोन वर्षे मुले तिथे राहून एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची आणि त्या वाटेवरच्या याच एसएसबीची, तयारी करतात. घरात असा मुलगा असेल तर त्याला वाक्ये पाठ करायला लावू नका. घड्याळ लावून रोज पानभर त्याच्या मनातले लिहू द्या, मराठीत आणि इंग्रजीतही.