फोन नंबर, संमती आणि भारतीय कायदा

ग्राहकाचा फोन नंबर व्यापाऱ्याने कोणत्या अटीवर घ्यावा, हा प्रश्न भारतीय कायद्यापुढे उशिरा आला. टेलिफोन मोजक्या घरांत होता तोवर नाव, पत्ता आणि नंबर जाडजूड डिरेक्टरीत छापलेले असत आणि त्यात फारसे कुणाला वावगे वाटत नसे. मोबाइल स्वस्त झाला, बँका, विमा कंपन्या आणि बिल्डर थेट खिशातल्या फोनवर पोहोचू लागले, तेव्हा तक्रारी वाढल्या.

त्यांची दखल दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने घेतली. २००७ मध्ये नियम झाले आणि त्याच वर्षी ‘डू नॉट कॉल’ नोंदवही सुरू झाली. नको असलेले फोन थांबवायचे तर ग्राहकानेच नोंद करायची आणि ती लागू होण्यासाठी ४५ दिवस थांबायचे. ज्याने नोंद केली नाही, त्याची संमती आहेच असे धरले जाई. व्यवस्थेचे खरे वैगुण्य इथेच होते. २०१० च्या नियमावलीने टेलिमार्केटिंगच्या फोनना वेगळ्या मालिकेतले नंबर दिले आणि रात्री ९ ते सकाळी ९ या वेळेत जाहिरातीचे फोन व संदेश बंद केले. २०१८ मध्ये संदेश पाठवणाऱ्यांची आणि संदेशांच्या मसुद्यांची नोंदणी ब्लॉकचेनच्या धर्तीवरील यंत्रणेत आली, ग्राहकाची संमती नोंदवण्याचीही तरतूद झाली.

हे नियम मुख्यतः फोन वाजण्यापुरते होते. दुकानाच्या गल्ल्यावर, लकी ड्रॉच्या चिठ्ठीवर लिहून दिलेला नंबर पुढे कुणाकडे जातो, याची विचारणा त्यांत नव्हती. माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली २०११ मध्ये आलेल्या नियमांनी पासवर्ड, बँक खाते, आरोग्य, बोटांचे ठसे अशा माहितीला ‘संवेदनशील’ ठरवून तिच्यासाठी लेखी संमती मागितली. फोन नंबर त्या यादीत नव्हता.

पाया बदलला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला आणि १९५४ व १९६२ च्या निकालांतील विरुद्ध मत रद्दबातल ठरवले. मुंबई दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेल्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये माहिती संरक्षण विधेयकाचा मसुदा दिला. त्यातून आलेले २०१९ चे विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले.

मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना बजावले, की बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये. ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट हवी. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणे सोपे हवे. कायद्यातले एक उदाहरण बोलके आहे: डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधील संपर्क यादी मागितली आणि वापरकर्त्याने ‘हो’ म्हटले, तरी ती संमती यादीपुरती ग्राह्य नाही, कारण सल्ल्यासाठी यादीची गरजच नसते. दुसऱ्या उदाहरणात औषधाच्या दुकानात पावतीसाठी ग्राहक आपणहून नंबर देतो; तो पावतीपुरताच वापरता येतो. वाद झाला तर संमती घेतल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी व्यावसायिकावर आहे. २००७ चे गृहीतक इथे पुरते उलटले, आणि हीच या कायद्याची सर्वांत मोलाची कमाई. संमती मागताना द्यायची सूचना मराठीसह राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागतो. न समजलेल्या मजकुराखालच्या होकाराला अर्थ नसतो, म्हणून ही तरतूद महत्त्वाची.

नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि व्यावसायिकांवरील मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारच्या संचित निधीत जमा होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील भरपाई मिळवून देणारे ४३ए कलमही नवा कायदा वगळतो. ज्याची माहिती फुटली त्याच्या हाती तक्रारीचा हक्क उरतो, भरपाईचा नाही. ही या कायद्याची मोठी उणीव आहे.